पट्टा सांगून तुटत नाई

आमच्या गल्लीत माणसं एकमेकांना भेटली की "काय म्हनता?" असं विचारतात. दिवाकरभाऊ काळबांडे "किती झाले?" असं विचारतात. तुमचा ताप उतरला का, मुलगी पास झाली का, यातलं काही त्यांना नको असतं. त्यांना तुमच्या गाडीचे किलोमीटर हवे असतात. आकडा सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला, "पट्टा बदलला?" इथे "कोणता पट्टा?" असं विचारायची चूक तुम्ही केलीत, तर पुढचा पाऊण तास तुमची सुटका नाही.

गेल्या उन्हाळ्यात नाचणगावच्या एका लग्नात नवरदेव फुलांनी मढवलेल्या गाडीत बसून मांडवाकडे निघाला होता. पुढे बँड, मागे वऱ्हाड. दिवाकरभाऊ गर्दीतून वाट काढत गाडीपाशी गेले. सगळ्यांना वाटलं, आहेराचं पाकीट देतात. त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि नवरदेवाकडे ढुंकूनही न पाहता ड्रायव्हरला विचारलं, "किती झाले?"

"एक लाख दहा हजार."

"पट्टा बदलला?"

"कोनचा पट्टा?"

झालं. इंजिनाचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून भाऊंनी बँड बंद करायला लावला. नवरदेव घामाघूम, करवल्या उन्हात, आणि हे बॉनेटला कान लावून उभे. मुलीचे मामा धावत आले. हा माणूस कोणाकडचा, असं त्यांनी विचारलं, तर दोन्हीकडच्या लोकांनी तो आपल्याकडचा नाही असं शपथेवर सांगितलं. मी भाऊंसोबतच गेलो होतो, पण त्या वेळी मी जिलेबीकडे पाहत होतो.

तर असे हे दिवाकरभाऊ. वय बासष्ट, अंगानं काडी, आणि एका जागी उभं राहणं त्यांना जमत नाही. पुलगावात त्यांचं कापडाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. गादी आहे, तक्क्या आहे, पण गादीवर नोकर बसतो आणि मालक दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालतात. बोलताना हात कशात तरी लागतो. समोर कापड असेल तर कापड चाचपतील, नसेल तर तुमच्या शर्टाची बाही. माझ्या तीन शर्टांच्या बाह्यांचा पोत त्यांनी मला न विचारता सांगितलेला आहे आणि तिन्ही वेळा तोंड वाकडं केलेलं आहे.

मी त्यांचा शेजारी, भिंतीला भिंत. वर्ध्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, एवढ्या भांडवलावर माझं घर चालतं. इंजिनात काय कशाभोवती फिरतं, हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलं नव्हतं. ते माहीत करून घेण्याची वेळ भाऊंनी माझ्यावर आणली.

सुशीलावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगतात की हा माणूस पहिले असा नव्हता. आठ वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली होती. लग्नसराईचा माल भरून देवळीच्या रस्त्यानं येत होते. गाडी चांगली धावत होती आणि धावता धावता गप्प झाली. धूर नाही, आवाज नाही, आदल्या दिवशी कसली कुरकुर नाही. मिस्त्रीनं इंजिन उघडलं तर आतले सगळे व्हॉल्व्ह वाकलेले. कारण काय, तर दोन बोटं रुंदीचा एक रबरी पट्टा तुटला. टायमिंग बेल्ट.

भाऊंना खर्चाचं एवढं लागलं नाही, त्यांना अपमान वाटला. फाटणारी वस्तू आधी बोटाला कळते, यावर त्यांनी चाळीस वर्षं धंदा केला होता. आणि इथे एक दीड हात लांबीची पट्टी त्यांच्या नाकाखाली फाटली आणि बोटांना पत्ता नाही! तो तुटका पट्टा त्यांनी घरी आणला, धुतला, वाळवला आणि काउंटरवर मीटरपट्टीच्या शेजारी ठेवला. तो अजून तिथेच आहे. ब्लाउजपीस घ्यायला आलेल्या बाईलाही तो हातात घेऊन पाहावा लागतो.

"पाह्य बाई," भाऊ म्हणतात, "मधात पाहू नोको, काठ पाह्य. कापडाचं अन् पट्ट्याचं एकच. मधातून सारं ठीकच दिसते. काठाचा धागा सुटला का समजाचं, गेलं."

मला त्यांनी हे प्रकरण समजावून सांगितलं ते दुकानातच. एक गिऱ्हाईक अस्तराचं कापड हातात धरून ताटकळत होतं.

"मास्तर, तुमच्या लहानपनी एका उखळात दोन बाया मिळून कांडत होत्या का नाई? एकीचं मुसळ वर, तं दुसरीचं खाली. उखळ एकच. ताल चुकला तं काय व्हते? मुसळावर मुसळ बसते. इंजिनात तेच हाय. खालून पिस्टन येते, वरून व्हॉल्व्ह येते. जागा एकच. दोघाले तालात ठेवते कोन? पट्टा! खालचा दांडा दोन फेरे मारते, वरचा एक. पट्टा तुटला का वरचा थांबते अन् खालचा तं फिरूनच राह्यला. मंग? मुसळावर मुसळ."

"पण सगळ्याच गाड्यांना पट्टा असतो का?"

"नाई ना. कोन्या गाडीले चेन राह्यते. लोखंडाची, तेलात बुडून असते. चेन ढिली झाली का सकाळी गाडी चालू करतानी खडखड करते. बोंबलते, सांगते, का बाप्पा मी म्हातारी झाली. पट्टा मुका असते. पट्टा सांगून तुटत नाई, मास्तर."

मी मान हलवली आणि घरी आलो. माझी चूक एवढीच, की माझी गाडी पट्ट्याचीच आहे हे मी बोलून गेलो.

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. वर्ध्याला मी रेल्वेनं जातो. गाडी फक्त रविवारी सासुरवाडीला जायला. नऊ वर्षांत ती एकतीस हजार किलोमीटर चालली होती. पट्टा साठ हजारावर बदलायचा, म्हणजे मी निम्माच पोचलो होतो. हे मी त्यांना सांगितलं. भाऊ कुंपणावरून म्हणाले, "किलोमीटर नाई तं वर्ष. जे आधी येईन ते. घडी घालून ठेवलेलं लुगडं विरत नाई का?" सोमवारी हेच. मंगळवारी हेच. मी गाडी बाहेर काढली की हे फाटकाशी उभे, आणि उभे म्हणजे काय, माझ्या गाडीला प्रदक्षिणा घालत. माझ्या बायकोनं माहेरी एसटीनं जायला सुरुवात केली. शेवटी या माणसाला एकदाचा खोटा पाडायचा म्हणून मी गाडी नाचणगाव रोडवरच्या अस्लम मिस्त्रीकडे नेली. भाऊ अर्थातच माझ्या आधी तिथे हजर.

अस्लमनं इंजिनाच्या कडेचं प्लास्टिकचं झाकण काढलं. पट्टा काळा, धडधाकट, दात शाबूत. मी विजयानं भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी दोन बोटं आत घातली, काठ चाचपला, आणि चिमटीत धरून एक धागा ओढला. तो निघतच आला. सबंध वीतभर. मागून दुसरा.

"मास्तर," भाऊ शांतपणे म्हणाले, "ह्या रविवारी सासुरवाडीले गेलते का?"

गेलो होतो. बायको एसटीनं आणि मी गाडीनं, भांडण करून.

नवा पट्टा बसवताना वरच्या चाकाची खूण आणि खालच्या चाकाची खूण जुळवावी लागते. एक दात इकडचा तिकडे झाला तर सगळं बिघडतं. अस्लम चाळीस वर्षांचा मुरलेला मिस्त्री, पण गाडी चालू करण्याआधी भाऊंनी त्याला इंजिन पान्यानं, हातानं, दोन पूर्ण फेरे फिरवायला लावलं आणि खुणा पुन्हा तपासल्या. अस्लम म्हणाला, "भाऊ, मी हे केल्याशिवाय सोडतच नाई." भाऊ म्हणाले, "माहीत हाय. मले पाह्याचं हाय." त्या दिवसापासून मी भाऊंचा भक्त झालो. बाटलेला माणूस जरा जास्तच कडवा असतो. स्टाफरूममध्ये मीसुद्धा लोकांना किलोमीटर विचारायला लागलो.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ज्यांच्या गाडीला चेन होती, त्यांना भाऊ तिथल्या तिथे मोकळं करत. "तुमची चेन हाय. तेल टायमावर बदला अन् निवांत झोपा." उगाच भीती दाखवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. कापड आटणार असेल तर आटेल असं सांगूनच ते विकत आले. त्यांच्या बापानंही तसंच विकलं. म्हणून तर त्यांचा जाच लोक सहन करत होते.

आता निखिलचं सांगतो. निखिल हा त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. बायको रुचा तिकडचीच, सातारची. त्यांना पाच वर्षांची मुलगी, तन्वी. तीन वर्षांपूर्वी निखिलनं नवी पेट्रोल गाडी घेतली, तिचा फोटो भाऊंनी मला दाखवला होता. फोटोत गाडीसमोर निखिल, रुचा आणि तन्वी उभे होते. भाऊ बोटानं बॉनेट मोठं करून पाहत होते.

दर रविवारी सकाळी निखिलचा फोन यायचा. वहिनींना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो आणि भिंतीला भिंत असल्यामुळे तो आम्हालाही येतो. वहिनींचं बोलणं लांबलचक, त्यात तन्वीचे दात, रुचाची भाजी, सगळं. मग फोन भाऊंकडे.

"किती झाले?"

"बेचाळीस हजार, बाबा."

"बरं. साठले बदलाचा. इथंच. अस्लमच्या हातानं, माह्या समोर."

"इथे घराजवळ सर्व्हिस सेंटर आहे, बाबा."

"तिथं हातानं दोन फेरे फिरोले का नाई, कोन पाहीन? तू पाह्यशीन? नाई. इथंच ये."

"बरं, बाबा."

"आईले देतो."

बापलेकाचं बोलणं संपलं. सत्तेचाळीस, एक्कावन्न, चोपन्न असे आकडे भिंतीतून येत राहिले. निखिल मात्र दोन वर्षांत पुलगावला आला नव्हता. एका दिवाळीत काम निघालं, दुसरीत सातारला जावं लागलं. आकडा सत्तावन्नावर गेला तसे भाऊ सैरभैर झाले. दुकानात कापड मोजताना मध्येच आकडा विसरायला लागले. दिवसातून चारदा माझ्याकडे यायचे. "येईन ना तो, मास्तर?" मी म्हणायचो, येईल. "साठच्या आधी?" आणि खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. माझ्या पट्ट्यातून निघालेला तो वीतभर धागा मी विसरलो नव्हतो. मागच्या सीटवर ती लहानगी पोर बसली आहे आणि इंजिनात काठ उसवतो आहे, असं काहीतरी डोळ्यांसमोर यायचं आणि मी जागेवरून उठायचो.

अशात एका संध्याकाळी माझी गाडी चुकली, रेल्वेची, आणि कॉलेजातल्या बोरकर मॅडमनी मला त्यांच्या नव्या गाडीतून पुलगावपर्यंत सोडलं. नवा भक्त महाराजांच्या पायांवर घालावा तसं मी त्यांना थेट भाऊंच्या दुकानासमोर नेलं. भाऊंनी बॉनेट उघडलं, एक नजर टाकली आणि बंद केलं.

"मॅडम, तुमची चेन हाय. तेल टायमावर बदला अन् निवांत झोपा."

मॅडम खूश झाल्या. मी गाडीकडे पाहत होतो. तीच ठेवण, तेच दिवे, तेच नाव. पेट्रोलच.

"भाऊ," मी म्हणालो, "निखिलची गाडी अशीच आहे ना?"

भाऊंना ऐकू आलं नाही. तीन घरांपलीकडच्या स्कूटरचा ढिला नट ज्यांना ऐकू येतो, त्यांना हाताच्या अंतरावरून ऐकू आलं नाही. ते दुकानात शिरले ते थेट मागच्या गोदामात.

मला संताप आला. माझ्या संसारात एसटी आणली ती या माणसानं खरेपणाच्या नावावर, आणि स्वतःच्या मुलाला तीन वर्षं थापा? दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकान रिकामं असतं त्या वेळेला, मी गेलो. नोकर जेवायला गेला होता. भाऊ एक ठाण उलगडून मीटरनं मोजत होते. कोणी मागितलेलं नव्हतं.

"भाऊ, निखिलच्या गाडीला चेन आहे."

"हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"फोटो पाठोला त्यानं त्याच दिवशी चवकशी केली. चेन हाय. चांगली मजबूत चेन हाय."

"मग हे साठ हजार, अस्लमच्या हातानं, माह्या समोर, हे काय चाललं आहे?"

भाऊंनी मोजलेलं कापड पुन्हा उलट मोजायला घेतलं. "दिवाळीले ये म्हन्लं तं काम निघते. महालक्ष्म्याले ये म्हन्लं तं पोरीची शाळा निघते. खोटं नाई बोलत तो, निघतच असन. मंग काय सांगू? बिमार हाव असं सांगू? ते तोंडातून निघत नाई, अन् खरं झालं तं? पट्टा म्हन्लं का तो ऐकते, मास्तर. बाकी दुनियेतलं सारं त्याले माह्यापेक्षा जास्त समजते. ह्या एका गोष्टीत मले जास्त समजते, तं तेवढ्यापुरतं तो हो बाबा म्हनते."

मी ठाणाचं सुटं टोक उचलून धरलं.

"दोन दिवस लागते म्हन्लं त्याले," भाऊ हळूच म्हणाले.

"अस्लम तीन तासांत करतो."

"हो, पन गाडी थंडी व्हाले पायजे ना."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, वाईट वाटलं. भांडायला गेलेला मी, ते ठाण गुंडाळायला हात लावून घरी आलो.

डिसेंबरात आकडा एकोणसाठवर गेला आणि निखिलनं कळवलं की शनिवारी येतो, सगळ्यांना घेऊन. भाऊ लगेच अस्लमकडे गेले आणि मलाही ओढून घेऊन गेले. बेत असा, की बाहेरचा पट्टा, म्हणजे फॅन बेल्ट, तेवढा बदलायचा आणि तोच दाखवायचा. अस्लम कान खाजवत राहिला. "भाऊ, बाहेरचा मी बदलून देतो, तो घासलाच असन. पन आतला बदलला असं माह्या तोंडून नाई निघनार. गिराइकाशी मी झूठ नाई बोलत. तुम्ही बोलजा, मी पाना चालवतो."

शनिवारी पहाटे निखिल पुण्याहून निघाला आणि भाऊ आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत चालायला लागले. जायचे, यायचे. वहिनी ओट्यावर भाजी निवडत होत्या. मला म्हणाल्या, "मी दोन वर्षं तिळाच्या वड्या पाठून राह्यली, त्यानं कोनी आलं नाई. यांच्या पट्ट्यानं आलं." वहिनींना सगळं ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

संभाजीनगर गेलं, फोन आला. समृद्धीवर लागले, फोन आला. दहानंतर मात्र फोन येईना. गाडी चालवताना निखिल फोन उचलत नाही आणि रुचाचा लागेना. भाऊंचा चेहरा उतरत गेला.

"चेन आहे, भाऊ," मी म्हणालो. "तुटणार नाही."

"चेन नाई तुटत. टायर? ब्रेक? त्याले डुलकी लागली तं?" ते माझी बाही धरून उभे राहिले. बाहीचा पोत वगैरे काही पाहत नव्हते, नुसती घट्ट धरली होती. "मास्तर, पोरीले घेऊन साडेसहाशे किलोमीटर आनलं मी त्याले. कशासाठी? जे नाईच त्याच्यासाठी. काही झालं तं माह्यामुळं."

या माणसाची मी आठ वर्षं थट्टा केली आहे, पण त्या दुपारी त्यांच्याकडे पाहवेना. मग मीही त्यांच्यासोबत गिरणीपर्यंत चालायला लागलो. गिरणीवाला आम्हाला दोघांना हात करायचा, मग त्यानंही सोडून दिलं.

विरूळला समृद्धीवरून उतरून साडेतीनच्या सुमाराला गाडी गल्लीत शिरली. तन्वी झोपेतून उठून आजीकडे धावली. रुचा म्हणाली, फोनची बॅटरी संपली होती. निखिल पाया पडायला वाकला, तर भाऊ तोवर पुढे गेलेले. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि काढलाच नाही.

"गरम हाय," ते म्हणाले. "उद्या उघडू."

रविवारी सकाळी आम्ही चौघं अस्लमच्या गॅरेजात होतो. अस्लम, भाऊ, निखिल आणि मी. मी कशाला, तर भाऊंनी चला म्हटलं म्हणून. अस्लमनं वरचं झाकण काढलं. आत धातूचं बंद आवरण, सांध्याला तेलाची बारीक ओल. पट्ट्याच्या इंजिनाला असं नसतं. पट्ट्याला तेल चालत नाही, तिथे कोरडं प्लास्टिकचं झाकण असतं. एवढं आता मलाही कळतं.

भाऊंनी सुरुवात केली. उखळ झालं, दोन मुसळं झाली, खालचा दांडा दोन फेरे, वरचा एक. बोलत बोलत ते गाडीच्या डाव्या बाजूला जात, मग उजव्या. निखिल हात मागे बांधून ऐकत होता, शाळेतल्यासारखा. मध्ये एकदा त्यानं विचारलंसुद्धा, की वरचा एकच फेरा का. भाऊंनी ते दोनदा समजावून सांगितलं. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तं आता हे आवरन काढलं का आत पट्टा..." भाऊ थांबले. त्यांचा अंगठा त्या धातूच्या कडेवरून फिरत होता. अस्लम पाना घेऊन तयार. मी मनात म्हणत होतो, बोलून टाका, भाऊ, दोनच शब्द राहिलेत.

"नाई," भाऊ म्हणाले.

"काय झालं, बाबा?"

"पट्टा नाई याले. चेन हाय. मी खोटं बोललो तुह्याशी. तीन वर्ष."

अस्लमनं स्वच्छ पाना पुन्हा पुसायला घेतला. मी बाहेर रस्त्याकडे पाहू लागलो.

"माहीत हाय मले," निखिल म्हणाला. पुण्याला गेल्यापासून त्याच्या तोंडून 'मले' मी पहिल्यांदा ऐकलं.

"कवापासून?"

"पहिल्या सर्व्हिसिंगपासून. मीच विचारलं होतं तिथे, साठ हजारावर पट्टा बदलता ना म्हणून. तो माणूस हसला."

"मंग बोलला काऊन नाई?"

निखिल इंजिनाकडे पाहत होता. "बोललो असतो, तं तुम्ही दर रविवारी फोनवर मले काय विचारलं असतं?"

भाऊंनी सांध्यावरची तेलाची ओल बोटानं पुसली.

"अन् मलेही लागत होता तो पट्टा," निखिल म्हणाला. "तिकडे सुट्टी मागताना कारण लिहावं लागते, बाबा. घरची आठवण येते असं कोनी लिहीत नाई. मी लिहिलं, गाडीचं काम आहे, वडिलांशिवाय होत नाही."

"असं लिवलं?"

"हो."

"वडिलांशिवाय?"

"हो, बाबा."

भाऊंनी खिशातून रुमाल म्हणून जे काढलं ते लट्ठ्याचा नमुना होता, कडा कातरलेला. त्यानं त्यांनी नाक पुसलं, डोळे पुसले. मग खाकरून म्हणाले, "अस्लम, बंद कर बाप्पा. काही नाई त्यात."

"राहू द्या उघडी," निखिल म्हणाला आणि त्यानं गाडीची चावी अस्लमच्या हातात ठेवली. "दोन दिवसांचं काम आहे ना? रुचाले मी दोन दिवसच सांगितलं आहे."

बापलेक पायीच घराकडे निघाले. अस्लम चावी हातात घेऊन उभा. "मास्तर," तो म्हणाला, "आता या गाडीचं मी दोन दिवस काय करू?" मी म्हणालो, धुऊन ठेव.

संध्याकाळी मी काळबांड्यांच्या ओट्यावर चहाला गेलो. घरातून तन्वीचा आरडाओरडा येत होता आणि त्यावर भाऊंचा. ते तिला ठाणं उलगडून द्यायचे आणि ती त्या कापडात स्वतःला गुंडाळून घ्यायची. रुचा कप घेऊन बाहेर आली. तिची बॅग दारातच होती, अर्धी भरलेली.

"काका, तुमच्या गाडीचंही हेच काम झालंय ना?" तिनं हळूच विचारलं. "मंगळवारी ऑफिसला पोचायचंय मला. या कामाला खरंच दोन दिवस लागतात का हो?"

मी चहाचा घोट घेतला.

"कधी कधी तीनही लागतात," मी म्हणालो.